साहेबरावांचा स्लॅब

स्लॅब टाकायच्या दिवशी सगळी दुनिया वर असते आणि सेंट्रिंगचा एक माणूस खाली. वर काँक्रीट ओतलं जातं, पोरं व्हायब्रेटर फिरवतात, मालक पाहुणेरावळे घेऊन कडेला उभा असतो. आणि खाली, स्लॅबला टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्यांच्या गर्दीत, एकजण हातोडी आणि पाचरा घेऊन कान देऊन हिंडत असतो. ओल्या मालाचं ओझं वाढत जातं तशा बल्ल्या कुरकुरायला लागतात. कुरकुरतात सगळ्याच. पण कुठली उगीच कुरकुरते आणि कुठली मोडायच्या बेतात आहे, हे ज्याला कळतं त्यालाच खाली ठेवतात. त्यानं वरच्या फळीवर हातोडीनं तीन ठोके घातले की मिक्सर बंद. मग मालक असो, इंजिनिअर असो की आमदाराचा मेव्हणा असो, कुणी तोंड उघडायचं नाही. सेंट्रिंगच्या मिस्त्रीनं बल्ल्या बघायच्या, पाचरा मारायच्या, बाहेर येऊन हात वर करायचा, तेव्हाच मिक्सर पुन्हा सुरू. हा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, म्हणूनच बहुधा तो पाळला जातो.

साहेबरावांनी उभी हयात अशी खाली काढली होती. बिलोलीकडचं गाव सोडून मिसरूड फुटायच्या आत ते नांदेडला आले, आधी टोपली उचलली, मग सेंट्रिंग शिकले, मग मिस्त्री झाले. नांदेडातले जुने गवंडी अजून सांगतात की साहेबराव खाली असले की वर निवांत वाटायचं. एकदा त्यांनी एका डॉक्टरच्या दवाखान्याचा स्लॅब तीनदा थांबवला होता. डॉक्टर संतापून लाल झाला, पण साहेबराव काही बधले नाहीत. ही गोष्ट ते स्वतः फार रंगवून सांगत. त्यांचा जावई विनोद ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐके.

विनोद त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. कमी बोलणारा आणि कामाला चोख. मुलगी लुंबिनी त्याला दिली ती साहेबरावांनी काम बघून दिली, घरदार बघून नाही. लग्नानंतर लुंबिनीही टोळीत खडी-रेती भरायला येऊ लागली, आणि मग तिची दुधपिती पोर महामाया. मिक्सरच्या आवाजापासून दूर, रस्त्यापलीकडच्या लिंबाला साडीची झोळी बांधलेली असे. लेकुरवाळ्या बायांना मिक्सर चालू असताना जागा सोडता येत नाही. खालून ठोके पडले आणि मिक्सर थांबलं की सगळ्या पळत आपापल्या झोळीकडे जायच्या. पोरांना पाजायची तीच काय ती वेळ.

हे सगळं काम बरीच वर्षं किशनरावांचं. अर्धापूरकडचे केळीवाले शेतकरी, केळीचा पैसा नांदेडात बिल्डिंगांत घातलेला. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. आजारपणाला उचल द्यायचा, लग्नाला साडी पाठवायचा. फक्त सही करायचा नाही. सरकारात बांधकाम कामगार म्हणून नाव लावायचं तर हा माणूस वर्षात नव्वद दिवस माझ्याकडे कामाला होता, असं गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, लिहून द्यावं लागतं. नाव लागलं तर पोरांच्या शाळेला मदत, दवाखान्याला मदत, मेल्यावर मागच्यांना काहीतरी. साहेबराव दर वर्षी तो कागद घेऊन जात आणि किशनराव दर वर्षी म्हणत, "टाकू की साहेबू, पळून चाललो का मी?" ते पळून गेले नाहीत हे खरं. सहीही केली नाही. सही केली की तो माणूस आपल्याकडे कामाला आहे हे कबूल करावं लागतं, आणि कबूल केलं की बरंच काही गळ्यात येतं, एवढं केळीवाल्याला कळत होतं.

त्या वर्षी किशनरावांनी ट्यूशनच्या पोरांसाठी तीन मजली होस्टेल काढलं. दुसऱ्या स्लॅबच्या आधी त्यांनी साहेबरावांना पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला आणि जन्मात पहिल्यांदा साहेबू न म्हणता साहेबराव म्हटलं.

"साहेबराव, हा स्लॅब तुमीच उक्ता घ्या. मानसं तुमची, मिक्सर तुमी लावा, सेंट्रिंग तर तुमचीच हाय. बल्ल्या माझ्या पडल्यात त्या वापरा. खर्च जाऊन जे उरंल ते तुमचं. किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली ऱ्हाता? आता तुमी गुत्तेदार."

कागद तयार होता. साहेबराव सातवी शिकलेले, त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. काही लपवलेलं नव्हतं. कामावरच्या माणसांची सर्व जबाबदारी गुत्तेदाराची राहील, असं ठळक छापलं होतं. साहेबरावांनी जबाबदारीही वाचली आणि गुत्तेदारही वाचलं, पण घरी घेऊन आले ते फक्त गुत्तेदार. बायकोला, नागुबाईंना, दारातूनच सांगितलं. रात्री अख्ख्या वस्तीला ठाऊक झालं होतं. वस्तीतून आजवर मास्तर निघाला होता, तलाठी निघाला होता, एक पोरगी नर्स झाली होती; गुत्तेदार कुणी नव्हता. साहेबरावांना आनंद झाला, आणि तो होऊ नये असं मी तरी म्हणणार नाही.

विनोद तेवढा खुश दिसला नाही. दुसऱ्या दिवशी बल्ल्या उभ्या करताना त्यानं एका बल्लीवर नख रोवून दाखवलं.

"मामा, ह्या मागल्या पावसात भिजून पडल्यात. आतून गेल्यात काही. लोखंडी जॅक आनू की."

आदल्या महिन्यात हेच साहेबराव किशनरावांच्या तोंडावर म्हणाले असते, जॅक आणा, नाही तर मी चाललो. तसं ते पूर्वी म्हणालेही होते. आता ते म्हणाले, "जॅकचं भाडं कुनाच्या खिशातून जातंय? आपल्याच ना? जरा जवळजवळ लाव बल्ल्या, काही होत न्हाई."

विनोदनं जवळजवळ लावल्या.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरला हळदकुंकू लावून नारळ फोडायची सगळीकडे रीत. साहेबराव बौद्ध; नारळ फुटायच्या वेळी ते पाण्याच्या ड्रमाकडे जाऊन काहीतरी काम काढायचे, आणि प्रसादाचं खोबरं आलं की हात जोडून पुढे पाठवायचे. किशनरावांच्या हे इतक्या वर्षांत कधी लक्षातही आलं असेल असं वाटलं नव्हतं. पण त्या सकाळी ते मोठ्यानं म्हणाले, "आज नारळ न्हाई. आमच्या गुत्तेदाराला चालत न्हाई." आणि साहेबरावांना टोपी घातली, खांद्यावर टावेल टाकला, हार घातला, मिक्सरची कळ त्यांच्याच हातून दाबली. किशनरावांचा पुतण्या सत्यम नवा इंजिनिअर होऊन आला होता, त्यानं फोटो काढला. हे किशनरावांनी मनापासून केलं की हिशेबानं, हे साहेबरावांना अजून ठरवता आलेलं नाही. मला विचाराल तर दोन्ही. असली माणसं दोन्ही एकाच वेळी करू शकतात.

टोपी-टावेल अंगावर असलेला माणूस बल्ल्यांत कसा शिरणार? साहेबराव वर उभे राहिले. खाली विनोद गेला.

दुपार कलली तेव्हा निम्म्याहून जास्त स्लॅब झाला होता. सत्यम रस्त्यावर फोनवर बोलत होता, किशनराव कधीच जेवायला गेले होते. खालून ठोके आले. तीन, स्पष्ट. मिक्सर थांबलं आणि बाया पदर खोचत लिंबाकडे पळाल्या, त्यांत लुंबिनीही.

विनोद बाहेर येऊन मान वर करून म्हणाला, "मामा, मधल्या वळीत दोन बल्ल्या वाकल्यात. सगळ्यांना खाली घ्या. जॅक आनल्याबिगर फुडं टाकू नका."

साहेबरावांनी वर पसरलेल्या मालाकडे बघितलं. काम असं मध्येच सोडलं तर सांधा राहतो, पाणी गळतं, मग सगळं तोडून पुन्हा. मिक्सरचं भाडं दुप्पट. माणसांची हजेरी दुप्पट. जॅक आता या वेळेला कुठून आणायचे? आजवर हा विचार दुसरं कुणीतरी करायचं आणि साहेबराव त्याला झापायचे. आज झापायला समोर कुणी नव्हतं.

"दोन पाचरा मार अन् आडवी बल्ली दे," ते म्हणाले. "थोडंच राह्यलंय."

"मामा, आवाज बरा न्हाई तिचा."

"मला नको शिकवू आवाज. मी सांगून राहिलो ना? मार पाचर." आणि मिक्सरवाल्याकडे वळून त्यांनी हात वर केला. विनोद अजून खाली वाकून आत शिरतच होता. हात वर करायचा तो बल्ल्या बघून झाल्यावर, ही रीत ज्यांनी नांदेडातल्या निम्म्या सेंट्रिंगवाल्यांना शिकवली, त्यांनीच ती त्या क्षणी मोडली.

पुढचं फार वेळ चाललं नाही. मधला भाग खचला तेव्हा वरची पोरं सळईला लोंबकळून वाचली. विनोद ओल्या मालाखाली सापडला. हातोडी त्याच्या हातातच होती.

पोलीस आले, पंचनामा झाला, सगळं रीतीप्रमाणं होऊन गेलं. टोळीत कुणी ठरवून खोटं बोललं नाही. मातीला आलेल्या बायांत कुणीतरी म्हणालं, त्या सत्यमनंच मिक्सर चालू करायला लावलं असणार, या शिकल्यासवरल्यांना काय कळतंय बल्लीचं. लुंबिनीनं ते ऐकलं आणि तिच्या मनात ते पक्कं झालं. ठोके पडल्यावर ती लिंबाखाली होती, वर कोण काय बोललं तिला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी साहेबरावांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते गप्प बसले. साहेबरावांना वाटलं आज सांगू, मग वाटलं पुण्यानुमोदन झालं की सांगू, मग पोर जरा सावरली की सांगू. सांगायचं राहून गेलं, असं आपण म्हणतो ना, तसं ते नव्हतं. ते रोज सांगत नव्हते.

केस लढायला लातूरहून आरतीताई आल्या. कामगारांच्या केसेस घेणाऱ्या वकीलबाई, एसटीनं यायच्या, डबा स्वतःचा आणायच्या. त्यांनी साहेबरावांच्या घरात सतरंजीवर बसून नीट समजावून सांगितलं.

"कागदावर गुत्तेदार कुणीही असू दे. ज्याची बिल्डिंग, ज्याचा धंदा, त्याला हात झटकता येत नाहीत. किशनरावांना भरपाई द्यावीच लागेल. पण ते म्हणणार, चूक साहेबरावांची, मी दिलेला पैसा साहेबरावांकडून वसूल करून द्या. तसं झालं तर लुंबिनीला जे मिळेल ते शेवटी तिच्या बापाच्या या घरातूनच जाईल. म्हणून आपल्याला दाखवायचंय की कागद नावापुरता होता आणि साइटवर हुकूम किशनरावांच्या माणसाचा चालत होता. मला एकच सांगा. ठोके पडल्यावर मिक्सर कुणी सुरू करायला लावलं?"

"त्या सत्यमनं," लुंबिनी म्हणाली.

आरतीताईंनी साहेबरावांकडे बघितलं. नागुबाईंनी, ज्यांना सगळं ठाऊक होतं, महामायाला उचललं आणि त्या चुलीकडे गेल्या.

"हाव," साहेबराव म्हणाले.

लेकीसाठी खोटं बोलायची त्यांची तयारी होती. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. घर गेलं असतं तरी त्यांना चाललं असतं, पण घर विकून येणारा पैसा लेकीला तिच्या नवऱ्याचा मोबदला म्हणून द्यायचा, म्हणजे तिला कारण सांगावं लागणार, आणि ते कारण सांगण्यापेक्षा त्यांना दुसरं काहीही चाललं असतं.

कोर्टात साक्षीला उभे राहिल्यावर त्यांनी सगळं पढवल्यासारखं सांगितलं. कागद नावाला. बल्ल्या सेठच्या. हुकूम सत्यमचा. आरतीताईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मागच्या बाकावर लुंबिनी पोर मांडीवर घेऊन बसली होती, तिनंही मान हलवली. मग किशनरावांचे वकील उठले. गुरुपादप्पा नावाचे, उदगीरकडचे, पांढरे केस आणि बोलणं अगदी मऊ.

त्यांनी आधी तो टोपी-टावेलचा फोटो पुढे केला. "साहेबराव साहेब, हे आपणच ना? छान फोटो आलाय."

"हाव."

"असू द्या. मला कागदाचं काही विचारायचं नाही. मला तुमच्या कामातलं विचारायचंय, कारण मला त्यातलं काही कळत नाही. खालून ठोके पडले की मिक्सर थांबतं म्हणतात. खरं का?"

"खरं हाय."

"कुणाच्याही स्लॅबवर? अगदी मोठ्या बिल्डरच्या?"

"कुनाच्या बी." साहेबराव जरा ताठ झाले. "मी एका डॉक्टरचा स्लॅब तीनदा थांबिवला होता. आदळआपट केली त्यानं, मी ऐकलं न्हाई."

"वा," गुरुपादप्पा मनापासून म्हणाले. "आणि थांबलेलं सुरू कोण करतं? म्हणजे तो डॉक्टर म्हणाला असता, करा सुरू, तर?"

"त्याचं कोन ऐकतंय साहेब?"

"किंवा समजा, कालच कॉलेजातून आलेला एखादा इंजिनिअर पोरगा म्हणाला."

साहेबरावांना हसू आलं. विनोद गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं. आणि विचारणारा ऐकतही होता. "काय बिशाद हाय त्याची! सेंट्रिंगवाल्यानं हात वर केल्याबिगर मिक्सरवाला कळीला बोट लावत न्हाई. मी इतक्या वर्सात किती स्लॅब टाकले. माझ्या सेंट्रिंगवर माझा हात वर झाल्याबिगर मिक्सर चालू झालं, असं एकदा बी घडलं न्हाई. कुनालाबी विचारा नांदेडात."

"एकदाही नाही."

"एकदा बी न्हाई."

गुरुपादप्पांनी चष्मा काढला. "मला एवढंच हवं होतं," ते म्हणाले आणि खाली बसले.

साहेबरावांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. आधी त्यांनी आरतीताईंच्या हातातलं पेन थांबलेलं बघितलं. मग मागच्या बाकाकडे बघायचं टाळलं. आरतीताईंनी उठून दोनतीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं ते बरोबर देत होते, पण कोर्टात आता ती कुणी ऐकत नव्हतं. फसवलं म्हणावं तर गुरुपादप्पांनी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. खोटं एकच होतं आणि ते साहेबरावांनीच, स्वतःच्या कामाच्या अभिमानापायी, चारचौघांत मोडून टाकलं होतं.

व्हरांड्यात आरतीताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "निकाल यायला वेळ आहे," त्या लुंबिनीला म्हणाल्या. "तुझा हक्क जात नाही. पण पैसा आता कुठून येईल, ते मी तुला घरी बसून सांगितलं होतं." एवढं बोलून त्या लातूरची गाडी गाठायला गेल्या.

लुंबिनी पोरीला घेऊन पुढे चालत राहिली. साहेबराव तिच्या दोन पावलं मागे, महामायाच्या दुपट्याची पिशवी घेऊन. वस्तीकडे जायचा रस्ता आला तरी ती वळली नाही, सरळ स्टँडात शिरली आणि बिलोलीच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. बिलोलीला तिचं सासर.

"कपडे तरी घे घरचे," साहेबराव म्हणाले.

"आईला द्या म्हनावं कुनासंगट पाठवून." मग तिनं पहिल्यांदा बापाकडे नीट बघितलं. "बाबा, मिक्सर तुमी चालू केलंत?"

आता हाव म्हणायला सत्यम नव्हता. "मी," ते म्हणाले.

"मी पदर बाजूला केला न्हवता अजून," लुंबिनी म्हणाली. "पोरीला झोळीतून काढलं अन् मिक्सर धडधडलं. मला वाटलं, इतक्यात कसं काय बगून झालं बल्ल्या? मंग म्हनलं, ह्यायनं बगितल्या असतील, ह्यायला लई घाई ऱ्हाती. पोरीला तशीच रडती टाकून आले मी." तिनं महामायाला खांद्यावर घेतलं. "पोरगी पिऊस्तोवर तरी थांबायचं होतं."

"माय, ऐक. माल मिक्सरमधी धरून घट्ट झाला असता. सगळं तोडून पुन्ना करा लागलं असतं. भाडं, हजेरी. आपलं लई नुकसान झालं असतं."

"आपलं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. "आपलं म्हंजे कुनाचं, बाबा?"

होस्टेलचा तो स्लॅब आणि त्याच्या वरचाही एव्हाना होऊन गेला होता, लोखंडी जॅक लावून. वर ट्यूशनची पोरं राहायलाही आली होती. किशनरावांनी तिथला नारळ दुसऱ्याच गुत्तेदाराच्या हातून फोडला होता. हे सगळं साहेबरावांच्या डोळ्यांपुढे होतं आणि त्यात आपलं म्हणावं असं काहीच सापडेना.

बस लागली. लुंबिनी गर्दीतून चढली, खिडकीशी बसली आणि पोरीचं डोकं पदराखाली घेतलं. कंडक्टरनं साहेबरावांना दारातून बाजूला केलं. घंटी वाजली. बस मागे हटून वळायला लागली तेव्हा साहेबरावांना दिसलं की दुपट्याची पिशवी आपल्याच हातात राहिली आहे.

ते धावले. बसच्या पत्र्यावर त्यांनी थापा मारल्या, एक, दोन, तीन, जोरात, हात दुखेपर्यंत. ड्रायव्हरनं ऐकल्या असतील. खिडकीतल्या लुंबिनीनं तर नक्कीच ऐकल्या. बस थांबली नाही.